मदत हवी आहे: फायबरची जोडणी आणि घरात तीन मॅक. मोडेम घ्यायचा की नुसता राउटर?

चौकटराजा:
डोंबिवलीत ७०० चौरस फुटांचा फ्लॅट, ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. कंपनीनं दिलेला वाय-फायवाला पांढरा डबा मुख्य दाराशेजारी चपलांच्या रॅकवर आहे. मॅक तीन: एम१ मॅकबुक एअर, २०१७ चा आयमॅक, २०१४ चा मॅक मिनी. डब्याजवळ २८० मिळतात, आतल्या बेडरूममध्ये ३०-४०. बजेट पाच हजारांपर्यंत. दुकानदार एक 'मोडेम-राउटर' दाखवतो आणि एक 'एएक्स३०००'.
प्रश्न: मोडेम वेगळा लागतो का? कंपनीचा डबा काढून टाकता येतो का? ॲपलचा एअरपोर्ट राउटर मॅकला जास्त बरा पडेल का?

तारकर:
मोडेम अजिबात घेऊ नका. तुमचा पांढरा डबा म्हणजे ओएनटी, फायबरमधल्या प्रकाशाचा साध्या केबलवर चालणारा सिग्नल करणारं यंत्र. लाइनमन त्यालाच मोडेम म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. दुकानातला 'मोडेम-राउटर' बहुधा एडीएसएलचा असेल. त्याच्या मागे टेलिफोनची बारीक आरजे-११ खाच दिसली की ओळखा, तो तांब्याच्या जुन्या लाइनसाठी आहे. फायबरवर त्याचा मोडेम वाया जातो आणि उरतो तो साधा, बहुतेकदा जुना राउटर.

ओएनटी काढता येत नाही. त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, परका डबा लावला तर लाइन उठतच नाही. त्याच्या मागची हिरव्या टोकाची फायबर ओढू नका, दुमडू नका. हिरवं टोक तिरपं घासलेलं असतं, त्याच्या जागी निळं टोक खुपसलं तर प्रकाश वाया जातो आणि एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो.

आता राउटर. खोक्यावरचा आकडा नंतर, आधी मागच्या पोर्टचा वेग वाचा. 'एसी१२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज. पण त्या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०/१०० चेच असतात. मग प्लॅन ३०० चा असो की ५०० चा, स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन थबकते आणि शिव्या कंपनीला बसतात. वॅन (बाहेरून नेट आत घेणारा) आणि लॅन (घरातल्या यंत्रांना देणारा) दोन्ही पोर्ट गिगाबिट हवेत, ही अट सोडू नका.

एएक्स म्हणजे वाय-फाय ६, एएक्स३००० चं गणित ५७४ अधिक २४०२. तो २४०२ चा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर मिळतो. तुमचे मॅक ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या पुढे जातच नाहीत. एम१ एअरची जोडणी जास्तीत जास्त १२०० ची, आयमॅक तर आधीच्या पिढीतला, वाय-फाय ५ वाला, त्याची १३०० ची. तेव्हा गिगाबिट पोर्टचा एएक्स१५०० तुम्हाला पुरेल. फरक चार-पाचशेचाच असेल तर एएक्स३००० घ्या, पण वेग दुप्पट होईल म्हणून नको.

एअरपोर्ट ॲपलनं एप्रिल २०१८ मध्येच बंद केला. जुना मिळाला तरी वाय-फाय ५ पर्यंतचाच. मॅकसाठी खास राउटर असा प्रकार नसतो. सेटिंग सफारीतून होतं.

चौकटराजा:
आभार. मग राउटर डब्याशेजारी ठेवून आत रिपीटर लावला तर?

पोटमाळा:
रिपीटर नको. तो एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. ओएनटी दाराशीच राहू द्या. तिथून १०-१५ मीटर कॅट६ केबल स्कर्टिंगच्या कडेनं पॅसेजपर्यंत आणा आणि राउटर तिथे उंचावर ठेवा. कपाटात नको, टीव्हीमागे नको, आरशाजवळ तर नकोच. घराच्या मध्यातून दोन्ही खोल्यांना एकेकच भिंत आड येते. आयमॅक आणि मिनीला गिगाबिट पोर्ट आहेतच, जमलं तर त्यांना केबलच द्या. कॅट७-कॅट८ च्या नादी लागू नका, १०० मीटरपर्यंत गिगाबिटला कॅट५ई सुद्धा पुरते.

केबल टाकून घेतल्यावर लगेच तपासा. आयमॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, डिटेल्स, हार्डवेअर. वेगाच्या रांगेत १०००बेस-टी दिसायला हवं. १००बेस-टीएक्स दिसलं तर आठपैकी एखादी तार टोकात नीट बसलेली नाही, क्रिंपिंग (टोक दाबून बसवणं) पुन्हा करून घ्या. नेट चालू असतं म्हणून हे महिनोन् महिने लक्षात येत नाही.

वाय-फायसाठी ऑप्शन कळ दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फाय चिन्हावर क्लिक करा. आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे ५० च्या आसपास म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली रडारड. राउटर विकत घेण्याआधीच कंपनीचा डबा तात्पुरता लांब केबलवर... नाही, फायबर लहान असते, ते जमणार नाही. त्याऐवजी फोनचा हॉटस्पॉट पॅसेजमध्ये ठेवून बेडरूममध्ये हा आकडा बघा, जागेचा ढोबळ अंदाज येतो.

तारकर:
पोटमाळा यांना अनुमोदन. आता जोडणी, कारण खरी गडबड इथेच होते. ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असतो. त्यामागे तुमचा राउटर तसाच लावला तर पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं, म्हणजे डबल नॅट. ब्राउझिंग चालतं, पण गेम, काही व्हीपीएन, बाहेरून घरच्या मॅकला जोडणं हे अडतं. त्यात दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर काहीच धड चालत नाही.

म्हणून कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देईल. त्याच फोनवर तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: जोडणी पीपीपीओई (लॉगिन करून चालणारी) आहे का आणि असल्यास युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (लाइनवरचा डेटा वेगळा ओळखायचा आकडा) लागतो का, ओएनटीवर लँडलाइन असेल तर ती ब्रिजनंतर चालू राहील का. मग राउटरच्या वॅनमध्ये पीपीपीओई निवडून तेच भरायचं, एमटीयू (एका डेटा पॅकेटचा कमाल आकार) १४९२. तरीही जोडणी उठली नाही तर ओएनटी पाच मिनिटं बंद करून सुरू करा. काही ठिकाणी जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, आपला मॅक नव्हे!) बांधलेला असतो, तो राउटरमध्ये क्लोन करावा, म्हणजे तसाच उतरवावा लागतो.

कंपनी ब्रिज देत नसेल तर डोकं आपटू नका, राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. आयपी पत्ते ओएनटी वाटेल, वाय-फाय तुमचा राउटर देईल. दोन्ही प्रकारांत ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर मॅकबुक दाराजवळच्या कमजोर सिग्नलला चिकटून बसेल.

सुताचा गुंता:
थोडी भर. दोन्ही बँडना एकच नाव द्या. सुरक्षा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र, म्हणजे जुनी यंत्रंही जोडली जातील. २.४ वर रुंदी २० आणि चॅनेल १, ६ किंवा ११. ५ गिगाहर्ट्झवर ८०, चॅनेल ४४ किंवा १४९. एअरड्रॉपचा (ॲपलच्या यंत्रांत फाइल पाठवायची सोय) रेडिओ याच चॅनेलांवर येत-जात असतो, त्यामुळे राउटरही तिथेच असला की कॉलमध्ये अधूनमधून येणारे झटके कमी होतात. नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांचा फिल्टर, दोन्ही बंद. मॅकओएस सिक्वोया या आवृत्तीपासून मॅक वाय-फायला खासगी पत्ता वापरू शकतो. राउटरमध्ये एखाद्या मॅकला ठरावीक आयपी राखून ठेवायचा असेल तर हा पत्ता 'फिक्स्ड' करा.

आणि यूएसबी ३ चा हब किंवा हार्डडिस्क मॅकबुकला खेटून असेल तर २.४ चा बोऱ्या वाजतो. माउसही अडखळतो. हातभर लांब ठेवा.

चौकटराजा:
खूपच मदत झाली. गिगाबिट पोर्टचा एएक्स१५०० घेतोय, ब्रिजसाठी तक्रार क्रमांकही मिळाला. शेवटचं: वीज गेली की नेटही जातं. मिनी यूपीएस चालेल?

तारकर:
चालेल. घरापर्यंतची फायबर जीपॉन प्रकारची असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग) वीज लागत नाही, तुमचे दोन डबे चालू राहिले की नेट चालू. पण तुमच्या इमारतीत केबलवाल्याचा स्विच बसवलेला असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर उपयोग शून्य.
दोन्ही ॲडाप्टरवरचे आकडे बघा. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर अँपिअरची बेरीज करा. ओएनटी १ आणि राउटर १.५ असेल तर यूपीएस १२ व्होल्टला किमान २.५ अँपिअर देणारा हवा. कुठला ९ व्होल्टचा निघाला तर तेवढा वेगळा आउटपुट बघून घ्या. दुकानात जाताना दोन्ही ॲडाप्टर बरोबर न्या. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटरची पिन दिसायला सारखीच, आणि चुकीची घेतली की नुसता हात लागला तरी राउटर बंद होतो.