ठाण्याच्या खाडीत सकाळची होडी, मग अलेप्पीची हाऊसबोट: निघण्याआधी काय काय तपासायचं?

घोडबंदरवासी विचारतात:

नमस्कार मंडळी. जानेवारीत सोसायटीतल्या चार घरांचा बेत ठरतोय. एका रविवारी ऐरोलीच्या बाजूने खाडीत फ्लेमिंगो बघायला खासगी होडी, आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून अलेप्पीला एक रात्र हाऊसबोट. आम्ही १४ जण: सत्तरी ओलांडलेले दोघे, चौथी ते सातवीतली चार मुलं, एक दहा महिन्यांचं बाळ, बाकीचे मोठे. पोहता येतं फक्त तिघांना.

होडीवाले म्हणाले, "वीस जण आरामात बसतात, लाइफ जॅकेटं आहेत, सकाळी दहाला या." आता हे वीस कुणाच्या हिशोबाने? दहाची वेळ बरोबर आहे का? जॅकेट चांगलं की नुसतं नावाला, हे कसं ओळखायचं? आणि हाऊसबोटीत रात्री नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

खाडीकाठ यांचं उत्तर:

आधी वेळेचं बघू. तिथी न पाहता सांगितलेल्या "दहाला या"ला खाडीत काही अर्थ नसतो.

कोळीवाड्यातला जुना हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल असो की कृष्ण, पहाट-सकाळी एकदा आणि दुपार-संध्याकाळी एकदा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय ऐरोलीपर्यंत पाणी चढायला मुंबई बंदरापेक्षा थोडा उशीर लागतो. म्हणून तारीख पक्की करताना भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघाच.

आता तुमचा रविवार सप्तमीचा निघाला असं धरा. भरती सव्वापाचला, ओहोटी सव्वाअकराला. दहाला निघालात तर उतरत्या पाण्यात निघालात, आणि परतताना होडी चिखलावर बसणार. पाणी उतरतंही एकसारखं नाही. सहा तासांचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, शेवटी एक. मोठ्या उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं. म्हणजे मधल्या दोन तासांत तासाला मीटरभर पाणी निघून जातं. "अजून बराच वेळ आहे" म्हणेपर्यंत कडेचं पाणी संपलेलं असतं.

तुमच्यासारख्या गटाने द्वादशीच्या आसपासचा रविवार धरावा. भांगाचे दिवस (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते) नुकतेच सरलेले असतात, त्यामुळे ओघ मवाळ असतो. भरती नऊच्या सुमारास. उजाडल्यावर सव्वासातला निघा, सव्वानऊपर्यंत धक्क्यावर परत या. चढतं पाणी असलं की मधल्या पात्रात होडीला खोली मिळते आणि कडेचा चिखल उघडा असतो, पक्षीही तिथेच चरत असतात. सकाळी वाराही पडलेला असतो. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, आणि तेव्हा भरती उत्तरेला चढत असेल तर वारा आणि पाणी समोरासमोर येऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीला त्याच जास्त त्रास देतात.

होडी रुतलीच तर ढकलायला कुणीही खाली उतरायचं नाही. इथला चिखल गुडघ्याच्या वर पाय धरतो, आणि जितकी ओढाताण करावी तितका घट्ट धरतो. इंजिन वर उचलायचं, नांगर टाकायचा, धक्क्यावर फोन करायचा आणि पाण्याची वाट बघायची.

आणखी एक. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. हद्दीत खासगी होडी न्यायची तर वनखात्याला विचारून घ्या. त्यापेक्षा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरती बघून बोटी सुटतात, तिथे आधी चौकशी करा.

---

सुकाणू_वाशी यांचं उत्तर:

"वीस बसतात" हा जागेचा हिशोब झाला, तोलाचा नव्हे. प्रवासी बोटीच्या सर्व्हे सर्टिफिकेटवर किती माणसं न्यायची तो आकडा असतो. कागद बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही. कागद नाही म्हणाले तर बेत तिथेच थांबवा.

होडी उलटण्याची कारणं फिरून फिरून तीच असतात. ३० सप्टेंबर २००९ ला केरळातल्या थेक्कडीच्या जलाशयात प्राणी बघायला माणसं एका बाजूला लोटली, दुमजली बोट कलंडली, ४५ जण गेले. ७ मे २०२३ ला केरळातच तानूरला मासेमारीची बोट प्रवासी बोट म्हणून वापरात होती आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. २२ जण गेले. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. फ्लेमिंगोंचा थवा उठला की सगळे कॅमेरे एकाच काठाला धावतात, म्हणून निघतानाच सांगून ठेवा: उठायचं नाही, तांडेल (होडी चालवणारा) होडी वळवून दाखवेल. जड माणसं मधोमध आणि खाली, मुलं मोठ्यांच्या आतल्या बाजूला.

सगळे बसल्यावर बाहेरून बघा. पाण्यापासून होडीच्या काठापर्यंत वीतभरही उंची उरली नसेल तर काही माणसं उतरवा. तळाच्या फळ्यांखाली पाणी साचलंय का तेही बघा. चार बादल्या पाणीसुद्धा होडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं.

बाहेरचं इंजिन असेल तर त्याच्या मागून पाण्याची बारीक, सलग धार पडत राहिली पाहिजे. थंड करणारा पंप चालू आहे याची ती खूण. आपल्या खाडीत प्लास्टिकची पिशवी इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीला चिकटते, धार बारीक होते, मग थांबते, आणि थोड्याच वेळात इंजिन तापून बंद पडतं. धार थांबली की इंजिन बंद, वर उचला, पिशवी काढा. त्या वेळात ओघ होडीला पुलाच्या खांबाकडे नाहीतर जाळ्यांकडे नेतो. म्हणून नांगर आणि खोलीच्या किमान पाचपट दोर होडीत हवाच. दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, आणि तरंगता गोळा बांधलेला फेकायचा दोरही हवा. इंजिन बंद करणारी लाल गुंडाळीची दोरी तांडेलाच्या मनगटाला अडकवलेली असावी, इंजिनाला नुसती लोंबकळत नको.

कुणी पाण्यात पडलं तर होडीचं तोंड त्याच्याकडे वळवायचं, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून लांब जातो. जवळ आल्यावर इंजिन पूर्ण बंद, मगच ओढायचं. ओढताना दोघेच त्या काठाला, बाकीचे समोरच्या बाजूला बसून राहतात. वाचवायला कुणी उडी मारायची नाही.

---

घोडबंदरवासी:

दोघांचेही आभार. द्वादशीचा रविवार शोधतो आणि आधी ऐरोली केंद्रात विचारतो. बाळाचं काय करावं? त्याची आई म्हणते कॅरियरमध्ये छातीशी बांधून घेईन.

---

जॅकेट_आधी यांचं उत्तर:

ताईंना सांगा, कॅरियर अजिबात नको. पाण्यात पडल्यावर आई जॅकेटने तरंगते, पण छातीशी बांधलेल्या बाळाचं तोंड पाण्यात जातं. बक्कल सोडायला भानही नसतं आणि वेळही नसतो. दोघांवर मिळून एकच जॅकेट चढवणं त्याहून वाईट. एवढ्या लहान बाळाला नीट बसणारं जॅकेट भाड्याच्या होडीत मिळेल असं धरून चालू नका. बाळ आणि एक मोठं माणूस केंद्रातच थांबू द्या.

मुलांना मोठ्यांची जॅकेटं चालत नाहीत. आत वजनाचा पल्ला लिहिलेला असतो, तो मुलाच्या वजनाशी जुळवा. घातल्यावर सगळी बक्कलं लावा, पट्टे ओढा, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात मूल खालून निसटणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे.

जॅकेट हातात घेऊन दाबा. फोम दबून परत फुगला पाहिजे. दबलेलाच राहिला किंवा कुरकुरला तर ते जॅकेट गेलं. शिवण उसवलेली, कापड उन्हाने फिकं पडून चुरचुरणारं, किंवा उचलल्यावर ओलं जड वाटणारं, बाजूला ठेवा. जॅकेट बसण्याआधी धक्क्यावरच घालायचं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट होडी कलंडल्यावर हाताला लागत नाही. साडी, ओढणी, पाठीवरची सॅक त्याच्या आत नको. मुलांच्या दंडातल्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका.

---

कायलकाठ यांचं उत्तर:

हाऊसबोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोटी काठाला लागतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पडतात. रात्रभर एसी चालवायला बहुतेक बोटी जनरेटर लावतात. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धुराची नळी कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते चढल्यावर लगेच बघा. ती तुमच्या खिडकीकडे असेल किंवा शेजारी लागलेल्या बोटीची तुमच्याकडे असेल, तर जागा बदलायला सांगा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो घरून घेऊन जा आणि झोपण्याच्या खोलीत ठेवा. एकाच वेळी दोघा-तिघांना डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर प्रवास लागला असं समजू नका. सगळ्यांना काठावर मोकळ्या हवेत न्या, जनरेटर बंद करायला लावा, ११२ ला फोन करा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीत तो गळला तर तळाशी साचतो. वास आला तर आधी सिलिंडर बंद, लाइट-पंख्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, माणसं बाहेर. रात्री रेग्युलेटर बंद केलाय का, हे आचाऱ्याला आठवणीने विचारा.

चढण्या-उतरण्याची फळी ओली असते. आजी-आजोबांना बोट दोरांनी दोन्हीकडून बांधल्यावरच उतरवा, आणि बोट व धक्का यांच्या फटीत हात-पाय घालून बोट थोपवू नका. कठड्याच्या गजांतून मूल निसटेल एवढी फट आहे का ते मोजा. वरच्या डेकवर किती जणांना परवानगी आहे ते विचारा आणि फोटोसाठीसुद्धा तो आकडा ओलांडू नका. जॅकेटं कपाटात कुलपात असतात, ती माणशी एक मोजून खोलीत काढून घ्या. पण बंद खोलीत घालून झोपायचं नाही: खोलीत पाणी भरलं तर जॅकेट तुम्हाला छताला चिकटवतं, दारातून बुडी मारून निघता येत नाही. आधी बाहेरच्या डेकवर यायचं, मग चढवायचं. दाराखेरीज खिडकीतून बाहेर पडता येतं का, ती जाळी आतून उघडते का, हे उजेड असतानाच एकदा करून बघा.