‘प्रोजेक्ट रनवे’: एका दिवसात शिवलेल्या गाऊनचा घेर वाकडा का पडतो?

काजबटण:
फॅशन डिझायनरांच्या स्पर्धेच्या ‘प्रोजेक्ट रनवे’ या अमेरिकन कार्यक्रमाचे जुने सीझन (2004 पासूनचे, हायडी क्लुम आणि टिम गन यांचे) सलग बघतेय. दोन गोष्टी खटकतात. लांब गाऊन रॅम्पवर आला की घेर खालीवर, कधी पुढे आखूड तर कधी बाजूंना लोंबलेला. पाठीची चेन नागमोडी. एवढे कसलेले डिझायनर आणि शिवण अशी? दुसरं म्हणजे परीक्षक मायकल कॉर्स आणि नीना गार्सिया एका भागात फिनिशिंगवरून झोडपतात, पुढच्या भागात तसल्याच चुका पोटात घालतात. यात काही सूत्र आहे की सगळी एडिटिंगची करामत?

मांजरपाट:
घेराचं उत्तर कापडात आहे, एडिटिंगमध्ये नाही. पूर्ण गोल घेराचा स्कर्ट घ्या. कंबर 66 सेंमी, म्हणजे आतली त्रिज्या साडेदहा. लांबी 105 धरली तर बाहेरची त्रिज्या साडेदहा अधिक 105, म्हणजे 115.5. दीडशे पन्ह्याच्या कापडात हा गोल अखंड बसत नाही, दोन अर्धगोल काढावे लागतात आणि पावणेपाच ते पाच मीटर कापड जातं. खालची कड भरते सव्वासात मीटर. हाताने तुरपाई करायची तर चार तास तिथेच गेले.

आता मुख्य दुखणं. या गोलात चार जागी कापड उरेब (धाग्यांना तिरकं) येतं, बाकी ठिकाणी उभ्या किंवा आडव्या धाग्यावर. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, धाग्यावरचा उतरत नाही. म्हणून स्कर्ट किमान 24 तास टांगून ठेवायचा (क्रेप, जॉर्जेट असेल तर दोन दिवस) आणि मगच मॉडेलला चढवून, रॅम्पवरच्याच चपला घालून, जमिनीपासून पट्टीने मोजत कड कापायची. एका दिवसाच्या फेरीत हे 24 तास आणायचे कुठून? टेबलावर कड अगदी सरळ कापली तरी रात्रभर पुतळ्यावर राहून सकाळी ती वाकडी होणारच.

पळवाट आहे. कापल्या कापल्या स्कर्टचे भाग कंबरेकडून चिमट्यांनी टांगायचे आणि तेवढ्या वेळात वरचा भाग शिवायचा. पाच-सहा तासांतही बरंच कापड उतरतं. ‘मूड’ या कापडाच्या दुकानात अर्ध्या तासात कापड उचलताना हा हिशोब ज्याच्या डोक्यात असतो, तो गोल घेराऐवजी सहा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद तुकड्यांचा) स्कर्ट निवडतो. प्रत्येक कळीचा मध्य उभ्या धाग्यावर, तिरका भाग फक्त शिवणीलगत. घेर कमी मिळतो, पण कड जागेवर राहते.

पिको_फॉल:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण चेनला वेळेची सबब चालणार नाही. कापड ताणलं गेलं की चेन नागमोडी होते. उपाय दहा मिनिटांचा: चेन लावायच्या दोन्ही कडांवर आतून दोन सेंमी रुंद फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी चिकटवा. इनव्हिजिबल चेनचे दात इस्त्रीने उलगडून सपाट करा. दोन्ही बाजू वरून खाली शिवा, आणि खालची शिवण चेन लागल्यावरच बंद करा. पुष्कळ जण आधी शिवण बंद करून मग चेन कोंबतात. टोकाला फुगा येतो तो त्यामुळेच.

शिफॉनवरच्या चुण्या तर सुईच्या. जाड कापडाची 14 नंबरची सुई मशीनला तशीच राहते. शिफॉनला 9 किंवा 11 हवी, टाका दोन मिमीचा, दोरा बारीक, वरचा ताण सैल आणि खाली पातळ कागद. कापतानाही कागदावर टाचूनच कापायचं, नाहीतर कापड सरकतं आणि दोन पाती जुळत नाहीत. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईने टाके सुटतात आणि मॉडेलने पहिलं मोठं पाऊल टाकलं की शिवण उसवते.

माझ्या मते एका दिवसाची अट वाईट नाही. कोण कुठे वेळ घालवतो ते तिथे दिसतं. आधी मांजरपाटावर (साध्या सुती कापडावर) ट्रायल घेण्याचा एक तास वाचवणारा पुढे मुंढ्यात तीन तास अडकतो.

घेरदार:
परीक्षकांना सूत्र आहे, पण ते फेरीगणिक बदलतं. पहिल्याच भागात किराणा दुकान आणि 50 डॉलर दिले होते. ऑस्टिन स्कार्लेट मक्याच्या सालींच्या पोशाखावर जिंकला. साल वाळली की आक्रसते, तिथे तुरपाई कोण मोजणार? याउलट साधा काळा ड्रेस दिलात तर लपायला जागाच नाही, खांद्याची एक सुरकुतीही नडते. शिवाय रॅम्पनंतर परीक्षक कपडा जवळून बघतात, आपल्याला मिळतो तो कॅमेऱ्याचा लांबचा शॉट.

अंतिम फेरीत मात्र निव्वळ आवडनिवड चालते. 2010 च्या आठव्या सीझनमध्ये कॉर्स-गार्सिया ग्रेचन जोन्सकडे, क्लुम आणि पाहुणी जेसिका सिम्पसन मोंडो गेराकडे. जिंकली ग्रेचन. मोंडोची छापील कापडं मला आजही सरस वाटतात. असो, तो वेगळा धागा होईल.

शिवण शिकायला बघायचं असेल तर बीबीसीचा ‘ग्रेट ब्रिटिश सूइंग बी’ बघा. एक फेरी दिलेल्या पॅटर्नची, दुसरी जुन्या कपड्याचं नवं काही करायची, तिसरी मॉडेलच्या मापाची. सगळ्यांचा पॅटर्न एकच असल्याने कोणाची बाही फिरली ते शेजारी शेजारी दिसतं. क्लुम आणि गन यांनी नंतर केलेल्या ‘मेकिंग द कट’मध्ये रात्री शिवणारे कारागीर वेगळे, डिझायनर दिवसाचं काम संपवून त्यांच्यासाठी मापं आणि सूचना लिहून ठेवतो. तिथे सूचना अर्धवट राहिली की सकाळी हातात भलतंच येतं. कारखान्यातही असंच चालतं, त्यामुळे मला तो प्रकार जास्त खरा वाटला.

काजबटण:
कळ्यांचं पटलं. पण पाठ उघडी, गळ्याला बांधायचा गाऊन अख्खाच उरेब असेल तर? तिथे कळ्या कशा चालतील?

मांजरपाट:
नाही चालणार. तिथे गळ्याच्या आणि पाठीच्या कडेला आधी उभ्या धाग्याची अर्ध्या सेंमीची पट्टी लावून घ्या, म्हणजे वरचा भाग ताणत नाही. खालची कड रॅम्पच्या दिवशी सकाळी, मॉडेल उभी असताना कापा आणि पिको करून मोकळी सोडा. दुमडून शिवाल तर उरेब कड लाटांसारखी उठते.