मदत हवी आहे : मेकॅनिक काकांची आठवण कशी जपावी?

आमचे मेकॅनिक काका गाडीखाली काम करत असताना जॅक सरकला आणि अपघातात गेले. अजून खरं वाटत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून, नेमकं कुठलं बेअरिंग वाजतंय ते डोळे मिटून सांगायचे. नुसत्या पार्टचे पैसे काढण्यासाठी चालू वस्तू बदलायचे नाहीत, म्हणून माणसं त्यांच्यावर डोळे झाकून विसंबायची.

घरच्यांच्या संमतीने त्यांची हत्यारं आणि ग्राहकांच्या आठवणी जपायच्या आहेत. नट-बोल्ट फिरवायचे पाने, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुसून तेलाचा पातळ हात देतोय, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळायचा पाना) सर्वात कमी सेटिंगवर ठेवलाय. पण ग्रीस लागलेल्या, कडा झिजलेल्या हिशेबाच्या वह्यांचं काय करावं? डाग काढायला गेलं तर अक्षर पुसेल अशी भीती वाटते. आधी नीट फोटो काढून ठेवावेत का?

शिवाय शिकाऊ मुलांसाठी एक फलक लावायचाय : जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी, खाली शिरण्याआधी गाडीला आधार देणारा स्टँड लावायचाच. त्यावर काकांचं नाव घातलं तर घरच्यांना दुखेल का? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगा.