मदत हवी आहे: वडिलांची बायपास, साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलंय, शेवटी किती जातात?

बार्शीकर७ (सोमवार, रात्री ११.४०)
घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. वडिलांची अँजिओग्राफी झाली, बायपास सांगितलीय. हॉस्पिटलने साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलं, दोन लाख आधी भरा म्हणतात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "थोडं वरखाली होतं." वर किती ते सांगत नाहीत. खाली होणार नाही एवढं मलाही कळतं. कोणाच्या घरी नुकतीच झाली असेल तर एकूण किती गेले तेवढा आकडा द्या. सरकारी योजनेचं विचारून झालंय, आम्हाला लागू नाही. उद्या दहाला मला सांगायचंय.

खडूस_काकू
कुठलं शहर, वडिलांचं वय काय, शुगर आहे का, विमा आहे का, किती ब्लॉकेज? यातलं एकही लिहिलेलं नाही. आकडा काय लॉटरीचा सांगायचा?

निसर्गोपासक
ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या मेहुण्यांनाही बायपासच सांगितली होती. ईईसीपीची (पायांना पट्टे बांधून हवेने दाबतात ते) ३५ सिटिंग घेतली, सोबत अर्जुनसालाचा काढा. आज रोज पर्वती चढतात. खर्च लाखाच्या आत. नैसर्गिक बायपास म्हणतात त्याला. हॉस्पिटलवाले हे कधीच सांगणार नाहीत.

मी_ठाणेकर
आईची २०२३ ला झाली, ठाण्यात. फाइल अजून कपाटात आहे, काढून बसलोय.
पॅकेज ३ लाख ४० हजार. ऑपरेशनआधीच्या तपासण्या त्यात नव्हत्या, १४ हजार. आयसीयूचे तीन दिवस धरले होते, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढल्यामुळे पाच झाले, वरचे २८ हजार. किडनीचे डॉक्टर येऊन बघून जायचे, त्याचे ९. रक्त आणि प्लेटलेट ११. पॅकेजच्या मर्यादेबाहेरची औषधं ४६. एकूण ४ लाख ४८ हजार.
हे झालं हॉस्पिटलचं. आमचे दोघेजण बाहेर लॉजवर अकरा दिवस, रोजचे नऊशे. छातीचा पट्टा, पायाचे मोजे, ते फुंकायचं तीन गोळ्यांचं यंत्र, सगळं वेगळं.
एक काम न विसरता करा. रोज संध्याकाळी नर्सकडून उरलेली औषधं मागून घ्या आणि मेडिकलमध्ये परत करा. शेवटच्या दिवशी पिशवीत न उघडलेली बारा इंजेक्शनं निघाली होती, ६३०० परत मिळाले. कोणी आपणहून सांगत नाही.

बार्शीकर७
ठाणेकर, धन्यवाद, हेच हवं होतं. काकू, सोलापूर. शुगर आहे, पंधरा वर्षं. विमा माझ्या कंपनीचा आहे, त्यात आईवडील आहेत, पण तो तीनच लाखांचा. म्हणून तर विचारतोय.

भुलवैद्य
मी हृदयाच्या ऑपरेशनला भूल देतो, तेव्हा दोन शब्द. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते टाका. 'लेफ्ट मेन' हा शब्द आहे का, आणि ईएफ, म्हणजे हृदयाची पंपाची ताकद, किती? पेशंट घरी आहे की ॲडमिट?
निसर्गोपासक, ज्यांचं ऑपरेशन किंवा स्टेंट होऊ शकत नाही आणि तरीही छातीत दुखतं, अशांचा त्रास कमी करायला ईईसीपी वापरतात. बायपासच्या जागी नाही. रिपोर्ट न बघता असले सल्ले देऊ नका.

निसर्गोपासक
आलेच कात्रीवाले.

भुलवैद्य
कात्री सर्जनच्या हातात असते. मी झोपवतो.

पंक्चर
सासऱ्यांना २०१६ ला दोन स्टेंट टाकले, एकेकाचा लाखाच्या वर भाव लावला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किंमत बांधली आणि औषधी स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला. चार महिने थांबलो असतो तर! तुम्ही स्टेंटचाच विचार का करत नाही?

खडूस_काकू
चार महिने थांबले असते तर सासरे थांबले असते का? आणि त्यांना बायपास सांगितलीय हो, वाचा की.

बार्शीकर७ (मंगळवार, सकाळी ६.१५)
अजून ॲडमिटच आहेत, आज चौथा दिवस. रिपोर्ट: लेफ्ट मेन ८० टक्के, बाकी दोन मोठ्या नसा ९० आणि ७०. ईएफ ४०. सर्जन म्हणाले पेशंट स्थिर आहे, पण घरी सोडणार नाही.

भुलवैद्य
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. लेफ्ट मेन म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी मूळ नस, त्या बाजूच्या सगळ्या फांद्या तिच्यातूनच फुटतात. त्यात शुगर आणि तीन नसा, अशा पेशंटला स्टेंटपेक्षा बायपास जास्त टिकते. पंक्चर यांना हेच उत्तर. महिनाभर लांबवायचं काम नाही हे. पण 'उद्या दहा' हीसुद्धा वैद्यकीय वेळ नव्हे, ती काउंटरची वेळ आहे. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर स्थिर पेशंटमध्ये ती बंद करून साधारण पाच दिवस थांबतात, नाहीतर रक्तस्राव वाढतो. सर्जनना विचारा.

हिशेबनीस
मी बारा वर्षं मेडिक्लेमचे क्लेम तपासले. 'विमा तीन लाखांचा' एवढ्यावर जाऊ नका, पॉलिसीत दोन गोष्टी बघा. को-पे, म्हणजे बिलातला तुमचा वाटा, किती? आणि खोलीभाड्याची मर्यादा आहे का? ती बहुतेकदा विमा रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला ३००० रुपये. साडेचार हजारांची दोन खाटांची खोली घेतलीत तर दिवसाचे वरचे दीड हजारच जातील असं वाटतं ना? तसं नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलतात, तिथे सर्जनची फी, ओटी, नर्सिंग या सगळ्याला तोच दोन तृतीयांशाचा (४५०० पैकी ३०००) हिशेब लागतो, तेवढेच मिळतात. औषधं आणि तपासण्या त्यातून सुटतात. वडिलांना जनरल वॉर्डात ठेवलंत तर विम्याचे जास्त पैसे मिळतील. लोक हौसेने वरची खोली घेतात आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडतात.
आणि ते दोन लाख रोख नेऊ नका. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, हॉस्पिटललासुद्धा.

बार्शीकर७
को-पे २० टक्के लिहिलाय. मर्यादा आहे, एक टक्काच. आणि आम्ही नेमकी दोन खाटांचीच खोली घेतलीय. डोकं फिरलं.

एसआयपी_वाला
म्हणून सांगतो, तिशीतच स्वतःचा वेगळा मेडिक्लेम काढा, वर टॉप-अप घ्या. महिन्याला दोन हजार टाकले असते तर

खडूस_काकू
तर आज धागा काढावा लागला नसता. कळलं. पुढे बोला कोणीतरी.

सेतूवाला
दादा, मी तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. 'योजना लागू नाही' हे कोणी सांगितलं आणि का? आणि काकूंनी वय विचारलं होतं, ते अजून आलेलं नाही.

बार्शीकर७
रिसेप्शनवर सांगितलं. आमचं रेशन कार्ड पांढरं आहे, शिवाय मी नोकरीला. वय आधारवर ७१.

सेतूवाला
७१! हे सर्वात आधी लिहायचं ना राव.
एक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून रेशन कार्डाचा रंग आडवा येत नाही, पांढरंही चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. आधीचे दीड लाख डोक्यात ठेवून लोक अजून परत फिरतात.
दोन. सत्तर पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, मुलाची नोकरी विचारत नाहीत, जुना आजार असला तरी थांबावं लागत नाही, खाजगी विमा असला तरी चालतं. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो, ओटीपी येतो. ॲपवरूनही निघतं.
पण हॉस्पिटल योजनेत पाहिजे, आणि तेही हृदयाच्या ऑपरेशनसाठी. नुसता बोर्ड बघून भुलू नका, एखादं हाडांसाठी असतं आणि हृदयासाठी नसतं. रिसेप्शनला विचारूच नका, योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारा. नाहीतर १५५३८८ वर फोन लावा.
ऑपरेशनची मंजुरी आधी घ्यावी लागते. स्वतःच्या पैशाने ऑपरेशन करून नंतर बिल घेऊन गेलात तर दमडी मिळणार नाही.

मी_ठाणेकर
योजनेतल्या ऑपरेशनची क्वालिटी कशी असते पण? ऐकायला बरंच काही येतं.

भुलवैद्य
माझ्याकडे सकाळी रोख भरणारा येतो आणि दुपारी योजनेवाला. टेबल तेच, सर्जन तोच, बायपासला जोडायची छातीतली धमनीही तीच. फरक खोलीत आणि नंबर कधी लागतो त्यात. ते आधी विचारून घ्या, इथे महिनाभराची वाट परवडणार नाही.

शीतल_मिरज
बाबांची मुंबईत धर्मादाय खाटेवर झाली. ट्रस्टच्या हॉस्पिटलात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, ट्रस्ट कायद्याचं कलम ४१एए. निर्धनसाठी वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो. समाजसेवा विभागात जाऊन बसावं लागतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी गेले.

बार्शीकर७
माझा पगार धरला तर त्यात बसत नाही. पण वय वंदनेचं कोणी सांगितलंच नव्हतं. एक अडचण आहे. वडिलांचं खरं वय ६९ का ७० ते त्यांनाच माहीत नाही. आधारवर १ जून १९५४ आहे, शाळेत मास्तरांनी लावलेली.

सेतूवाला
आधारवरचंच धरतात. निश्चिंत राहा.

अवांतर
आमच्या वडिलांची पण १ जून! चुलत्याची पण. बँकेत तिघं भाऊ गेले, तिघांची तीच तारीख आणि मध्ये अंतर एकेका वर्षाचं. मॅनेजर म्हणाला, तुमच्या आईला दंडवत.

खडूस_काकू
धागा बायपासचा आहे.

अवांतर
नाव बघा माझं.

हिशेबनीस
एक वाट सुचतेय. सध्याच्या हॉस्पिटलची अँजिओग्राफी आणि चार दिवसांचा मुक्काम कंपनीच्या विम्यात घाला. कॅशलेस झालं नसेल तर आजच विमा कंपनीला कळवा, नंतर बिलं लावून मागा. ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात वय वंदनावर. दोन हॉस्पिटलं, दोन वेगळे हिशेब, एकमेकांच्या आड येत नाहीत. निघताना डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी शिक्क्यासह घ्या. सीडीसाठी लोक पुन्हा चकरा मारतात.

निसर्गोपासक
ऑपरेशन झाल्यावर तरी काढा सुरू करा.

भुलवैद्य
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल.

बार्शीकर७ (बुधवार, रात्री ९.०५)
दहा वाजता पैसे भरले नाही. काउंटरवरच्या बाई रागावल्या, पण सर्जन चांगले आहेत, म्हणाले घेऊन जा, फक्त कार्डियाक ॲम्ब्युलन्समधून न्या. कार्ड निघालं. ओटीपी आईच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता, तिथेच अर्धा दिवस गेला. शेवटी भावाने वडिलांचं बोट मशीनवर टेकवून काम केलं. सोलापुरातच दुसरं हॉस्पिटल योजनेत आहे, हृदयासाठीसुद्धा, आरोग्यमित्राला समोर बसून विचारलं. मंजुरीला कागद गेलेत. सोमवार म्हणतात. चार रक्तदाते आणा म्हणाले, गावातून सहा पोरं निघालीत.
खिशातून किती जातील ते अजून कळलेलं नाही. ॲम्ब्युलन्सचे साडेतीन हजार गेले.

भुलवैद्य
क्लोपिडोग्रेल कधी बंद केली?

बार्शीकर७
अरे देवा. ते विचारायचं राहिलं. थांबा, भावाला फोन करतो.