पन्नाशी-साठीनंतर जड वजनं उचलायला शिकायचं आहे: कोथरूड-कर्वेनगर भागात नीट शिकवणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

मी ५७ वर्षांची, नवरा ६२. राहायला कर्वेनगरला. दोघांनाही वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू करायचा आहे आणि त्यासाठी मदत हवी आहे. सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली. नुकताच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.१ आला, कमरेच्या मणक्यांचा उणे १.८. म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं थोडी विरळ; उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं आणि सांगितलं, नुसत्या चालण्यावर राहू नका, स्नायूंना ताण पडेल असा व्यायाम करा. पण तो कुठे आणि कोणाकडे करायचा, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

नवऱ्याचं निराळं आहे. रविवारी सिंहगड, एरवी तळजाई टेकडी. दम उत्तम. तरी पंगतीत मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, आणि भरलेला सिलिंडर स्वयंपाकघरात न्यायला आता शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं. बीपीची एक गोळी चालू आहे, बीपी ताब्यात आहे. गड उतरताना उजवा गुडघा दुखतो.

आम्ही जवळच्या एका जिममध्ये चौकशी केली. तिथल्या ट्रेनरने मला ट्रेडमिल दाखवली, हातात एकेक किलोची डंबेल्स दिली आणि म्हणाला, "काकू, तुमच्या वयाला एवढं भरपूर झालं." मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. पण मी गिरणीतून दळणाचा डबा स्वतः उचलून आणते, नातवाला कडेवर घेते. या हातांना एका किलोने काय कळणार? स्नायूला रोजच्यापेक्षा जास्त काम पडलं तरच तो वाढतो, आणि तोच ओढ देतो तेव्हा हाडाला घट्ट होण्याचा इशारा मिळतो, एवढं मला समजलं आहे.

या विषयावर बरंच वाचलं. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला, तोही जड वजनांनी. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांची काठी सुटली. दुसरा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झालेला, ऑस्ट्रेलियातला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायका, म्हणजे अगदी माझ्यासारख्या. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट (वजनाचा दांडा, म्हणजे बारबेल, जमिनीवरून उचलणं), स्क्वॉट (तो खांद्यावर घेऊन बैठक), डोक्यावर बार ढकलणं आणि थोड्या उड्या, असं आठ महिने. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची मात्र घटली. एक गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे: त्या बायकांना जाणकार माणूस समोर उभा राहून शिकवत होता, आणि पहिला महिना फक्त हलक्या वजनावर पद्धत बसवण्यात गेला होता.

तोच जाणकार माणूस मला हवा आहे. माझी आई पडली, खुबा मोडला, आणि त्यानंतर ती स्वतःच्या पायावर अंगणापर्यंतसुद्धा गेली नाही. मला जिममध्ये बारीक व्हायचं नाही, मला पडल्यावर उठता यायला हवं.

तर, कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, वारजे या पट्ट्यात पन्नाशीपुढच्या माणसांना बारबेल शिकवणारं कोणी माहीत आहे का? ट्रेनर चांगला आहे की नाही हे पहिल्या भेटीत कसं ओळखायचं? नवऱ्याने बीपी सांभाळून किती उचलावं? आणि आम्ही शाकाहारी, मी अंडं खाते, हे तेही नाही. मग प्रथिनांचं कसं जमवायचं?

प्रतिसाद १

ताई, एवढा खटाटोप कशाला? रोज बारा सूर्यनमस्कार आणि पंचवीस बैठका घाला. आमच्या वडिलांनी ऐंशीपर्यंत तेवढंच केलं. एक पैसा खर्च नाही.

प्रतिसाद २

वरच्या काकांचा मान ठेवून थोडं वेगळं सांगतो. मी सदाशिव पेठेत वाढलो, तालमीत जोर-बैठका घातल्या, बावन्नाव्या वर्षी बारबेल धरला, आता ६६. बैठका उत्तम सुरुवात आहे, यात वाद नाही. पण बैठकीत वजन आपल्याच शरीराचं. महिन्याभरात अंग त्याला सरावतं, मग आकडा वाढवत न्यायचा, म्हणजे दमाचा व्यायाम वाढतो, ताकद तिथेच राहते. बारबेलवर थोडंथोडं वजन चढवत नेता येतं, खरा फायदा तो. शिवाय जोर-बैठकांत ढकलणं आहे, ओढणं जवळजवळ नाही. जमिनीवरून काही उचलायला पाठ आणि कुल्हे लागतात, ते डेडलिफ्टमधून येतं.

ट्रेनर ओळखायचा तर आधी तो विचारतो काय ते बघा. दुखणी, ऑपरेशनं, गोळ्या, रिपोर्ट हे न विचारता थेट मशिनवर बसवणारा असेल तर नमस्कार करून निघा. मग त्याला सांगा, मला डेडलिफ्ट शिकवा. चांगला माणूस आधी हातात काठी देईल, ती पाठीला लावून कमरेतून वाकायला लावेल, पाठ गोल झाली की थांबवेल. त्याच्याकडे वही असते, आज किती उचललं ते लिहितो. एक सेट, म्हणजे सलग काही वेळा उचलणं, झाला की पुढच्याआधी दोन-तीन मिनिटं बसू देतो. ज्याला सतत घाम काढायचा असतो तो ताकद शिकवत नाही.

सामानही बघा. नेहमीचा ऑलिंपिक बार नुसताच वीस किलोचा असतो. बायकांचा बार पंधरा किलोचा, दांडाही बारीक, मुठीत नीट बसतो. तो आहे का, आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेट आहेत का, हे विचारा. छोट्या प्लेट नसतील तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच लावून प्रत्येक पायरी पाच किलोची होते, आणि आपल्या वयाला ती उडी मोठी पडते.

जागेचं म्हणाल तर टिळक रस्त्याचं महाराष्ट्रीय मंडळ, १९२४ सालची संस्था, पुण्याच्या किती पिढ्यांना तिने व्यायाम शिकवला. सध्या तुमच्या वेळेला आणि वयाला बसणारं काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. आणि जिम शोधताना सकाळी अकराच्या सुमारास जा. गर्दी नसते, ट्रेनर मोकळा असतो.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रिपोर्ट न पाहता सल्ला देत नाही, पण काही गोष्टी सर्वांना लागू आहेत.

ताई, सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. मणक्यात कधीकधी दबून झालेलं फ्रॅक्चर असतं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ते असेल तर व्यायामाची आखणीच बदलते. नसेल तरी पाठ गोल करून वजन उचलणं आणि वजन हातात असताना कमरेतून पिळणं टाळा. उड्या सुरुवातीला नकोतच.

बीपीसाठी मुख्य नियम श्वासाचा. जोर लावताना श्वास कोंडला की दाब एकदम चढतो, म्हणून वर उचलताना तोंडाने सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. अगदी शेवटचा दम निघेपर्यंत करायचं नाही, अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटताना थांबायचं. छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर व्यायाम बंद आणि डॉक्टर. गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल तर नाडीच्या ठोक्यांवरून मेहनत मोजू नका, ठोके मुळातच कमी पडतात.

गुडघ्यासाठी घाबरून मांडीचा व्यायाम सोडू नका. मांडी भक्कम झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखत नाही तेवढंच खाली बसायचं. आधी उंच खुर्ची, मग नेहमीची, मग बुटकं स्टूल. घरच्या घरी एक चाचणी करा: हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा, घड्याळ लावून. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार बारा सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर होत असल्याची शंका घ्यायची. सिंहगड चढणारा माणूससुद्धा इथे अडकू शकतो, कारण हे काम झटकन जोर लावण्याचं आहे.

दुसऱ्या दिवशी मांडी-पाठ भरून येणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ ठीक नाही. व्यायामाच्या दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवसाची सुट्टी ठेवा.

प्रतिसाद ४

जेवणाचं मी सांगते, आमच्या घरी हीच कसरत चालू आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. पासष्टीपुढे एक ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत, आणि व्यायाम करणार असाल तर तुम्हीही तेच धरा. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. वाटीभर वरणात तीस ग्रॅम डाळ पडते, त्यातून सहा-सात ग्रॅम येतात. म्हणजे वरण-भातावर गाडी पोचत नाही.

आम्ही असं केलं: पोह्यांत मोड आलेली मटकी आणि दाणे, दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी शंभर ग्रॅम पनीर, ज्यातून अठरा ग्रॅम मिळतात. सोयाबीनच्या वड्या तीस ग्रॅम भिजवून भाजीत टाकल्या की पंधरा ग्रॅम. सगळं एका जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळांत वाटा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. एक्स-रेचं कोणीच सांगितलं नव्हतं, उद्याच डॉक्टरांना फोन करते. खुर्चीची चाचणी आत्ता केली. माझे अकरा सेकंद, यांचे चौदा. हे गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले, चल, महाराष्ट्रीय मंडळात विचारून येऊ.

एक राहिलं. पंधरा किलोचा बार वारजे किंवा कर्वेनगरकडे कुठे पाहिला असेल तर कळवा. आणि घरी सरावासाठी केटलबेल (वर मूठ असलेलं गोळ्यासारखं वजन) घ्यायची तर माझ्यासाठी आठ किलोची घ्यावी की थेट बारा?