अनुभव धागा : अख्खी कॅसेट समोर वाजली तेव्हा

हा धागा अशा लोकांसाठी, ज्यांनी एखादा अल्बम वर्षानुवर्षं ऐकला आणि मग एक दिवस तो करणाऱ्यांनाच तो वाजवताना पाहिलं. सुटं एखादं गाणं नाही. अख्खा अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने. जळगाव, धुळे, नंदुरबारहून अशा कार्यक्रमाला जायचं म्हणजे एक रात्र जाताना गाडीत आणि एक रात्र येताना. म्हणून खान्देशातल्यांनी लिहावंच. जाता आलं नसेल तरी लिहा. सुरुवात मी करतो.

माझा अल्बम यू-टू या आयरिश बँडचा 'द जोशुआ ट्री'. तो आला ९ मार्च १९८७ ला, माझ्यापर्यंत पोचला १९९३ मध्ये. मी पाचोऱ्याचा, मराठी माध्यमातला. जळगावच्या होस्टेलवर माझ्या रूम पार्टनरने साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तो उतरवून दिला. अल्बम पन्नास मिनिटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना शेवटी चार-पाच मिनिटं नुसती खरखर. ती खरखरही मला पाठ होती. कव्हर नव्हतंच. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने अकरा गाण्यांची नावं, बस. वाळवंटात उभ्या चौघांचा तो काळा-पांढरा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नोकरी लागून चार वर्षं झाली होती. शब्द कळायचे नाहीत. डिक्शनरी घेऊन बसायचो, एकेक ओळ पुन्हा पुन्हा मागे घेऊन. माझं इंग्रजी त्या कॅसेटने घडवलं, हे मी आजही सांगतो.

अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये त्यांनी तो पूर्ण वाजवत दौरा काढला. आपल्याकडे येणार नाहीत हे धरूनच चाललो होतो. मग तोच दौरा २०१९ मध्ये पुढे निघाला आणि त्याचा शेवटचा मुक्काम ठरला नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम, १५ डिसेंबर, रविवार. भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी पार्टनरला फोन केला. तो आता पुण्यात असतो. सहा वर्षांत बोलणं नव्हतं, भांडण नव्हतं, असंच राहून गेलेलं. त्याने विचारलं, "दोन काढली ना तिकिटं?" काढली होती.

आई म्हणाली, "इतला लांब गाना ऐकाले जास का रे भो?" आणि लगेच भरीत करायला घेतलं. डिसेंबर म्हणजे भरिताचाच महिना. कळण्याच्या भाकरी बांधल्या. शनिवारी रात्री अमरावती-मुंबई एक्स्प्रेस, पहाटे ठाणे, तिथून नेरूळची लोकल. पार्टनर पुण्याहून आला. स्टेडियमच्या आत डबा नेता येत नाही, म्हणून आम्ही नेरूळ स्टेशनातच बाकावर बसून भरीत-भाकरी खाल्ली. फार बोललो नाही. तो म्हणाला, "मेसचं भरीत आठवतं?" मी म्हणालो, "ते भरीत नव्हतं."

सुरुवातीची जुनी गाणी त्यांनी गर्दीत पुढे आलेल्या लहान मंचावर वाजवली. तो मंच म्हणजे अल्बमच्या नावातल्या झाडाची पडलेली सावली. चौघं एकमेकांना खेटून, मागचा अवाढव्य पडदा बंद. मग ते मागे गेले, पडदा लाल झाला, त्यावर काळं झाड, आणि अल्बमच्या पहिल्या गाण्याचे, बँडचा गिटारवादक एजच्या गिटारचे ते सूर सुरू झाले. पडद्यावर वाळवंटातला सरळ रस्ता येतच राहिला. मी सव्वीस वर्षं हे गाणं डोळे मिटून ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा उघडे ठेवले.

कॅसेटची पहिली बाजू पाचव्या गाण्यावर संपते. 'रनिंग टू स्टँड स्टिल' संपलं, हार्मोनिका थांबली, क्षणभर शांतता झाली आणि माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. पार्टनरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पलटव." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढची सहा गाणी आम्ही खांद्याला खांदा लावून ऐकली.

अल्बमनंतर अजून बरंच वाजवलं, ए. आर. रहमानही मुलींना घेऊन आले. ते सगळं सुंदर होतं. पण मी पन्नास मिनिटांसाठी गेलो होतो आणि ती मला मिळाली. मध्यरात्रीनंतर कल्याणहून गाडी, दाराजवळ उभं राहून मनमाडपर्यंत. सोमवारी दहाला ऑफिसात होतो.

आता तुम्ही लिहा.

भुसावळ. रेल्वेतून निवृत्त

तुमच्या कॅसेटच्या पाच वर्षं आधी हा अल्बम आमच्या रेल्वे कॉलनीत वाजत होता. शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब होतं, वडील इंजिन ड्रायव्हर. भुसावळात तेव्हा अशी बरीच घरं होती, नाताळ आला की संबंध कॉलनीत केकचा वास. त्यांच्या मोठ्या मुलाकडे तबकडी आली होती. रात्रपाळी करून मी सकाळी घरी आलो की भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं. आधी बायको चिडायची. नंतर तीच विचारायची, आज लावलं नाही का त्याने.

ते कुटुंब नव्वदच्या आसपास ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना त्या मुलाने तबकडी मला दिली. माझ्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं, तरी घेतली. ती अजून आहे.

मी नेरूळला जाऊ शकलो नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगी ठाण्याला असते, ती गेली. बरोबर तिसरं गाणं सुरू होताना तिने फोन लावला आणि हात वर करून धरला. फोनवर काय कळणार, नुसता गोंगाट. पण बायकोने ओळखलं. "हेच ना, भिंतीपलीकडचं?" म्हणाली.

त्याच दौऱ्यात नोव्हेंबरमध्ये ते पर्थला वाजवून आले होते. शेजारचा तो मुलगा आता पर्थलाच असतो, त्याच्या घरातले सगळे गेले होते. त्याने मला तिथून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अंकल, ती तबकडी जपून ठेवा."

पारोळा. बँडवाल्यांच्या घरातला

आमचा लग्नाचा बँड आहे. आजोबा क्लॅरिओनेट वाजवायचे, वडील ट्रम्पेट, मी कीबोर्ड. धागा सुरू करणाऱ्या भाऊंनी दुसऱ्या बाजूबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझ्यासाठी सगळं तिथंच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आमची सुपारी होती, धुळ्याकडचं लग्न. धनुर्मास तोंडावर आला होता, त्याआधी उरकायची लग्नं. अशा वेळी घरच्या माणसाने सुट्टी मागायची नसते. मी वडिलांना घाबरत सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "काय वाजवतात ते?" मी म्हणालो, गिटार, ड्रम. ते म्हणाले, "मग ऐकून ये. नीट ऐक. आल्यावर मला सांग."

सहावं गाणं 'रेड हिल मायनिंग टाउन'. ब्रिटनमध्ये १९८४ ला खाणकामगारांचा मोठा संप झाला, त्यावरचं. अल्बमवर असूनही ते गाणं त्यांनी तीस वर्षं मंचावर वाजवलं नव्हतं, २०१७ च्या दौऱ्यातच पहिल्यांदा आलं. आणि त्या गाण्याला पडद्यावर कोण? ब्रास बँड! गणवेश घातलेले, ओळीने उभे, हातात चकाकणारी पितळी वाद्यं, गाल फुगलेले. आमचीच माणसं, फक्त गणवेश वेगळा. मी अक्षरशः ओरडलो. शेजारचे लोक बघायला लागले. त्यांना काय सांगणार, की माझ्या घरी दिवाळीत लक्ष्मीबरोबर पितळी वाद्यांची पूजा होते.

लोक आमच्या बँडला गाणं संपेपर्यंतही उभं राहू देत नाहीत. 'पुढे चला, पुढे चला', वरात अडते म्हणून. आणि इथे चाळीस फुटांहून उंच पडद्यावर ट्रम्पेट वाजवणारा माणूस, अख्खं स्टेडियम त्याच्याकडे बघतंय.

घरी येऊन वडिलांना मोबाइलवर काढलेला तुकडा दाखवला. त्यांनी तीन वेळा पाहिला. म्हणाले, त्या डावीकडच्याची फुंक चांगली आहे.

अमळनेर

माझा अनुभव असा गोड नाही, पण खरा आहे म्हणून लिहिते. मीही नेरूळला होते. पहिली चार गाणी सगळे ओरडत होते, मोबाइल वर. दुसरी बाजू सुरू झाली तशी आमच्या भागातली निम्मी माणसं खायला-प्यायला निघाली. 'वन ट्री हिल' चालू असताना माझ्यासमोर एक घोळका मोठमोठ्याने ऑफिसच्या गप्पा मारत होता. ते गाणं त्यांच्या एका न्यूझीलंडच्या सहकाऱ्यावर आहे, ग्रेग कॅरल, १९८६ मध्ये डब्लिनला मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय सव्वीस. माझा भाऊ चोपडा रस्त्यावर असाच गेला. मी ते गाणं त्याच्यासाठी ऐकायला आले होते.

मी त्यांना थांबा म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, असं आजही वाटतं. शेवटचं गाणं, बेपत्ता झालेल्या मुलांच्या आयांचं, मी कान हातांनी झाकून ऐकलं, म्हणजे बाकीचं कमी आणि बास जास्त ऐकू येईल. त्याने खरंच फरक पडतो, करून बघा.

मला घरी एकटीने ऐकलेला अल्बम जास्त माझा वाटतो. ज्यांना उलट वाटतं त्यांचा मला हेवा वाटतो.

जळगाव, धागाकर्ता

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. 'वन ट्री हिल'ला आमच्या बाजूला शांतता होती. तुम्ही आमच्याकडे असायला हव्या होतात.

पारोळ्याच्या भाऊ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी मी वरातीत गाणं संपेपर्यंत हलणार नाही.

चाळीसगाव

माझं जुनं आहे, फेब्रुवारी २००७. पिंक फ्लॉइड बँडमधले रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) मैदानावर आले होते. उत्तरार्धात पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' पूर्ण. १९७३ चा अल्बम, माझ्या जन्माआधीचा.

मी फैजपूरला इंजिनीअरिंग करत होतो. चौघं निघालो, पैसे दोघांच्या तिकिटांपुरते. चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. ज्यांची निघाली नाही ते दोघेही मुंबईपर्यंत आले आणि मैदानाबाहेर, जिथून आवाज येत होता तिथे रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

तो अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांवर संपतो. वॉकमनवर ते ठोके कानात असतात. तिथे चारही बाजूंनी स्पीकर लावलेले, ते ठोके आधी पायांतून आले, जमिनीतून. घड्याळांचा तो एकदम होणारा गजर माझ्या पाठीमागून आला आणि मी खरोखर वळून पाहिलं. अल्बममधले आवाज असे चहूबाजूंनी फिरवून ऐकवायचे हे त्यांच्या डोक्यात सत्तरच्या दशकापासून होतं, ते मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

बाहेर आलो तर ते दोघं अजून बसलेले. एक म्हणाला, "ठोके आले इथपर्यंत." पहाटे दादर, मग मिळेल ती गाडी. चौघांत एकच पाणी बॉटल होती आणि रावेरच्या मित्राने आणलेली केळी. त्या मित्राच्या बागेतली केळी आजही घरी येतात.

शहादा. शिक्षिका

माझा अल्बम देशी आहे. इंडियन ओशन या बँडचा 'कंदिसा', २००० सालचा. पूर्ण अल्बम एका बैठकीत मी मंचावर कधी ऐकला नाही, तेव्हा धाग्यात बसतं की नाही माहीत नाही. पण लिहिते.

२००१ मध्ये मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर होते. वीज असली तर असली. सेलवरचा टेप, त्यात ही कॅसेट. सात गाणी. त्यातलं एक 'मां रेवा', नर्मदेचं. बँडमधले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं होते, आणि हे गाणं नर्मदाकाठचंच. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलांची गावं त्याच नदीच्या काठची. काहींची पाण्यात गेली होती, काहींची जाणार होती. मुलं आपसांत पावरी बोलायची, हिंदी फारशी यायची नाही, पण "रेवा" शब्द आला की मान वर व्हायची.

२००८ मध्ये पुण्यात त्यांचा कार्यक्रम ऐकला. शहाद्याहून एसटीने, धुळ्याला गाडी बदलून. बँडचे असीम चक्रवर्ती तेव्हा होते. मांडी घालून बसलेले, समोर तबला, आणि तो आवाज. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. 'कंदिसा' म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, तिची भाषा तिथे कोणालाच येत नव्हती, तरी सगळं मैदान स्तब्ध होतं. 'मां रेवा' सुरू झालं तेव्हा सगळे टाळ्यांवर नाचत होते. मला नाचता येईना. माझ्यासमोर माझा वर्ग होता.

२०२५ मध्ये अल्बमला पंचवीस वर्षं झाली. कुठे काही कार्यक्रम आहे का ते मी शोधलं नाही. तळोद्याकडच्या एका पुनर्वसन वसाहतीत माझे जुने विद्यार्थी राहतात, त्यांच्याकडे गेले. ब्लूटूथचा लहान स्पीकर घेऊन. आता ते आईबाप झालेत. ओट्यावर बसून आम्ही सातही गाणी क्रमाने ऐकली. 'मां रेवा'ला त्यांच्यातला एक जण, जो वर्गात सगळ्यात मस्तीखोर होता, उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याची मुलगी माझ्या शेजारी बसली होती, दुसरीत आहे. ती वसाहतीतच जन्मली. गाणं संपल्यावर तिने मला विचारलं, "बाई, ही नदी कुठं आहे?"