मदत हवी आहे: मांगाचे (जपानी कॉमिक्सचे) जुने वाचक टिकले का?

मंडळी, ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) आणि मांगाची परदेशातली लाट टिकेल का, यावर लेख लिहितोय आणि एका जागी अडकलोय. असोसिएशन ऑफ जपानीज ॲनिमेशन्सच्या अहवालानुसार ॲनिमेचा परदेशी बाजार २०२० मध्ये पहिल्यांदा जपानमधल्या बाजारापेक्षा मोठा झाला. पण ते पैशांचे आकडे. माणसं टिकली का, ते त्यात दिसत नाही. शिवाय अमेरिकेत २००७ नंतर मांगाची विक्री एकदा आपटलीच होती. कोणी मंदीला दोष देतं, कोणी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या स्कॅन केलेल्या प्रतींना, कोणी २०११ मध्ये बुडालेल्या 'बॉर्डर्स' या पुस्तकसाखळीला. (तिथे जमिनीवर फतकल मारून फुकटात वाचणारी पोरं गिऱ्हाईक धरायची का, हा वेगळाच वाद!)

विकतचे अहवाल परवडत नाहीत, जपानी येत नाही. तेव्हाचे वाचक पुढेही वाचत राहिले की गळाले, याची वयोगटवार माहिती इंग्रजीत कुठे मिळेल?